युनूसभाई, पेट्रोल साफ होतं

युनूसभाई, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. मी बोलायला लागले की तुम्ही बॉनेटवर पाना ठोकून "बाई, एक मिनिट, एक मिनिट" करत मध्ये घुसायचात, आणि तुमचं ते मिनिट संपेपर्यंत माझा मुद्दा थंड व्हायचा. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही, पण म्हणून मी गप्पही बसणार नाही.

पेट्रोल साफ होतं.

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या साऱ्या गॅरेजच्या लाइनीत, चहाच्या टपरीपासून पंक्चरवाल्यापर्यंत, तुम्ही सांगितलं की अकोटच्या फुलवाल्या द्वारकाबाईनं पैसे वाचवायला व्हॅनमध्ये रॉकेल मिसळलेलं पेट्रोल घातलं, म्हणून इंजिन जळालं. मोठ्यानं सांगत फिरण्याचा तुमचा स्वभाव नव्हता. कोणी विचारलं की मान हलवायची आणि म्हणायचं, "जाऊ द्या, तंगीत मानूस करते काही." हे जास्त वाईट. कोणी मला चोर म्हटलं तर मी त्याची गचांडी धरते. दया करणाऱ्याचं काय धरू?

आपली ओळख भांडणातूनच झालेली. आईच्या टोपलीशेजारी बसून झेंडू विकत मी मोठी झाले, भाव पाडल्याशिवाय मला काही घेताच येत नाही. अकोटच्या मळ्यांतली फुलं उचलून अमरावतीच्या बाजारात पोचवायला पहिली जुनी व्हॅन घेतली, तेव्हा तिच्या वायरिंगसाठी कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. मी स्पार्क प्लगचा भाव पाडायला लागले. तुम्ही प्लग माझ्यापुढं सरकवले.

"फुकट न्या, बाई. तुमच्यासंग भाव करन्यात प्लगच्या किमतीचा चहा लागते मले."

"फुकट कावून नेऊ? मी काय भीक मागून राहिली?"

"मंग पुरे पैसे द्या."

"पुरे बी नाही देत."

पंक्चरवाला हसून हसून खाली बसला. तुम्ही मात्र आत जाऊन लाकडी स्टूल आणलंत, फडक्यानं पुसलंत आणि मला बसायला दिलंत. मग कॉइल उघडून दाखवली, ती काय करते, ठिणगी कुठून निघते, कुठं पडते. त्याआधी प्रत्येक गॅरेजमध्ये गाडी माझी असायची आणि मेकॅनिक बोलायचा माझ्या ड्रायव्हरशी, गजाननशी. तुम्ही गजाननला टायर पाहायला पाठवलंत आणि इंजिन मला समजावलंत. ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हे भांडण सोपं झालं असतं.

ती वर्षं काही बरी नव्हती. कपाशीनं गावंच्या गावं बसवली होती. मी फुलांच्या धंद्यात, मला ते हारांवरून कळायचं. लग्नाचे हार बारीक होत गेले, आणि फोटोला घालायच्या हारांची मागणी बारा महिने राहायला लागली. ते हारही मीच विकले. एकदा एका बापानं पोराच्या फोटोसाठी हार घेतला आणि सुट्ट्यासाठी थांबला नाही, तसाच निघून गेला. त्या दिवशी बाजार आटोपून मी घरी न जाता तुमच्या गॅरेजात येऊन बसले होते. तुम्ही एका जीपचा डायनामो खोलत होतात, तेवढंच करत राहिलात, मध्येच म्हणालात, "तो बारीक पाना द्या." मी दिला. मग दिवेलागणीपर्यंत मी पाने देत बसले.

नवीन गाडी घ्यायची ऐपत त्या दिवसांत कोणाचीच नव्हती. जुन्याच चालवायच्या. माझी व्हॅन एका पहाटे दर्यापूरच्या अलीकडं बंद पडली ती पडलीच. तुम्ही सीटखालचा कॉम्प्युटर काढून पालथा केलात आणि त्यातून पाणी निथळलं. फुलांवर आम्ही ओले बारदाने टाकतो, ते पाणी वर्षभर ठिबकत इंजिनाच्या मेंदूत जात होतं.

"बाई," तुम्ही म्हणालात, "गाडीले बी रोज झेंडूवानी पानी शिंपडून राहिल्या का?"

कंपनीचा कॉम्प्युटर मिळत नव्हता, आणि मिळाला असता तर व्हॅनपेक्षा महाग पडला असता. भंगारात शोधला, तिथंही नाही. तेव्हा तुम्हीच ती कल्पना काढलीत. बाहेरचा कॉम्प्युटर मागवायचा, कोणत्याही इंजिनाला बसणारा. फक्त त्याला स्वतःला काही माहीत नसतं, सारं आपण शिकवायचं. तुम्ही जुना लॅपटॉप मिळवलात, इंग्रजी कागद मागवलेत आणि ओठ हलवत ते वाचत बसायला लागलात. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मला अजून सारं पाठ आहे. इंजिनाच्या खालच्या शाफ्टवर दातांचं चाक असतं आणि त्यात एका जागी दात नसतात. कॉम्प्युटर दात मोजत राहतो आणि ती रिकामी जागा आली की ओळखतो, फेरा पूर्ण झाला. दात किती, गहाळ किती, हे आधी सांगायचं. मग कॉइल किती वेळ भरायची ते सांगायचं. मग ठिणगी सिग्नल चढताना सोडायची की उतरताना, ते. तिथं तुम्ही पहिल्यांदा उलटं टाकलंत आणि कॉइल भाकरीच्या तव्यासारखी तापली. तुम्ही हात झटकून म्हणालात, "या अल्ला, ये तो सुलग गई," आणि दुसरी लावलीत. त्या कॉइलबद्दल मी एक शब्द बोलले नाही. हे लक्षात ठेवा, कारण मला सगळे भांडकुदळ म्हणतात.

शेवटचं आणि खरं काम कोनाचं. ती रिकामी जागा आल्यापासून पहिला पिस्टन अगदी वर पोचेपर्यंत किती अंश, तो आकडा. तो आकडा चुकला तर पुढचा सारा हिशोब चुकतो, ठिणगी भलत्याच वेळी पडते. तुम्ही कॉम्प्युटरला सांगितलंत, सध्या ठिणगी पिस्टन वर पोचायच्या दहा अंश आधी बांधून ठेव. मग तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन शाफ्टच्या टोकाला असलेल्या पुलीवरच्या खाचेत भरलात, म्हणजे दर ठिणगीला लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटच्या उजेडात ती पांढरी दिसावी. इंजिन चालू. लाइट मारली. पांढरी रेघ दहावर नव्हती, बाजूला होती. तुम्ही लॅपटॉपवर आकडा बदलत गेलात, आणि रेघ सरकत सरकत दहावर येऊन उभी राहिली.

"पायलं? स्क्रीन काहीबी म्हनन, तिच्यावर भरवसा नाही ठेवायचा. लोखंड सांगन ते खरं."

मी विचारलं, "लोखंड खोटं नाही बोलत का?"

"लोखंडाले कायचा फायदा, बाई?"

आता मला हे सांगू द्या. पुली म्हणजे एक लोखंड नसतं. आतला तुकडा वेगळा, बाहेरची रिंग वेगळी आणि मध्ये रबर. जुन्या गाडीत ते रबर सुटतं आणि बाहेरची रिंग हळूहळू सरकते. खूण रिंगवर असते. ती रिंगसोबत सरकते आणि पिस्टनला त्याचा पत्ता नसतो. म्हणून खुणेवर विश्वास ठेवण्याआधी प्लग काढायचा, भोकातून लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, सोडायचा, हातानं इंजिन फिरवून पिस्टन खरंच कुठं वर येतो ते पाहायचं आणि मग खूण जुळते का ते तपासायचं. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच. गजाननलाही तुम्हीच. जुन्या जीपवर तुम्ही हे केल्याशिवाय लाइट हातात घेत नव्हतात. माझ्या व्हॅनच्या वेळी तुम्ही त्या लॅपटॉपवर असे भाळला होतात की लोखंड तपासायचंच राहिलं.

दसरा तोंडावर होता आणि मी घाई केली, असं तुम्ही म्हणाल. केली. गिऱ्हाईक घाई करतंच. तुमच्या दारात इतकी माणसं घाई करायची आणि तुम्ही "उद्या" म्हणून सगळ्यांना परत पाठवायचात. मलाच एकटीला "उद्या" का नाही म्हणालात?

दसऱ्याला व्हॅन पळाली. दिवाळीपर्यंत पळाली. मग भरलेल्या गाडीत चढावर इंजिनातून टणटण आवाज यायला लागला. गजानन घेऊन आला. तुम्ही पेट्रोलची नळी काढलीत, बोटावर थेंब घेतलात, हुंगलात आणि माझ्याकडं पाहिलंत.

"बाई, रॉकेल हाय याच्यात."

"तोंड सांभाळा, युनूसभाई."

"रॉकेल पडलं का अशीच टणटण होते. मी काय आजचा हाओ?"

"तुमच्या बोटाले चोवीस तास रॉकेलचाच वास! पार्ट कायच्यात धुता तुमी? गुलाबपान्यात?"

लाइनीतली माणसं गोळा झाली. गजानन लालबुंद झाला, कारण टाकी तोच भरायचा, नेहमी एकाच पंपावर. त्यानं तुमच्यासमोर आईची शपथ घेतली. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "तुले नाही म्हनत, बेटा." म्हणजे मलाच म्हणत होतात. तेव्हा मी जे बोलले ते मला आठवतं आणि ते मागे घ्यायला मी आलेले नाही. त्यानंतर पंधरवड्यात पिस्टन वितळला आणि आपलं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे बंद. समोरून गेले तरी मी भाड्यानं घेतलेल्या गाडीची काच वर करायची. तुम्ही एकदा हात वर केलात. मी पाहिलं. काच वर केली.

व्हॅन मी अकोल्याच्या एका लेथवाल्याकडं ओढून नेली आणि पैसे जमतील तसं काम होत राहिलं. उन्हाळा लागता लागता त्यानं इंजिन बांधलं आणि जुनी पुली लावल्यावर पेचकस टाकून पिस्टन वर आणला. मला बोलावलं. "बाई, हे पाहा." पिस्टन वर होता आणि खूण अंगठ्याएवढी दूर उभी होती. रिंग त्यानं हातानं हलवून दाखवली. म्हणजे लाइट दहा दाखवत होती तेव्हा ठिणगी कितीतरी आधी पडत होती. पिस्टन वर येतोय तोवरच त्याच्या डोक्यावर आग. आवाज त्याचा होता. पिस्टन त्यानं वितळला. कॉम्प्युटरनं तुमचं ऐकलं, तुम्ही पुलीचं ऐकलं.

ती पुली मी पिशवीत घातली. तुमच्या टेबलावर आपटायची, साऱ्या लाइनीसमोर, आणि म्हणायचं, "हुंगा आता." बसमध्ये अख्ख्या वाटेनं मी ती वाक्यं मनात घोळवत होते. तुम्ही काय म्हणाल, त्यावर मी काय म्हणेन. तुमचं तोंड कसं होईल. खरं सांगू? मग तुम्ही हसाल, स्टूल पुसाल, तेही मी त्यात धरलं होतं.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. पंक्चरवाल्यानं सांगितलं, "बाई, युनूसभाई गेले. पहाटे फजरच्या नमाजले उठले अन् बसल्या जागी..."

मी तशीच तुमच्या घरी गेले. बायकांच्या खोलीत जुबेदाभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या बहिणीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिचा हात खाली गेला.

"इतना वजनी क्या लाई हो?"

"काही नाही. गाडीचं सामान."

भाभींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम आ गई. इनको लगता था तुम नहीं आओगी." तेवढंच. त्यानंतर त्या रडल्या आणि मी रडले. मी कशासाठी रडले ते तुम्हीच ठरवा. अर्धं तरी रागानं होतं. माझा भांडणाचा माणूस माझ्या हातून निसटला होता, माझं ऐकून न घेता.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. गॅरेज चालवायला घरात कोणी नाही. मुली आपापल्या घरी. अकोल्याचा नितीन, तो लेथवाला नव्हे, ज्याचं तिकडं मोठं गॅरेज आहे, तो म्हणाला मी चालवतो, तुमच्याच नावाच्या बोर्डाखाली, आणि भाभींना महिन्याचे पैसे देतो. भाभी इद्दतीत. नवरा गेल्यावरच्या त्या महिन्यांत बाई बाहेरच्या पुरुषांसमोर बसत नाही. तुमचे मेहुणे भले आहेत, पण समोरच्यानं पहिला भाव सांगितला की ते हात जोडतात. भाभींनी मला बोलावलं. "द्वारका, तू बैठ. तू अंदर भी आ सकती है, बाहर भी."

मी बसले. गॅरेजातच, तुमच्या टेबलाशी. मेहुणे, नितीन, चहावाला, पंक्चरवाला, सारी लाइन. भाभी मागच्या खोलीत पडद्याआड. जागेचं ठरलं, सामानाचं ठरलं. बोर्डाच्या, म्हणजे तुमच्या नावाच्या, पैशांवर गाडी अडली.

"बोर्डाचे कायले, बाई?" नितीन म्हणाला. "नाव घेऊन काय करू?"

"परतवाड्याहून गाड्या येतात, कोनाचं नाव विचारत येतात?"

"येत होत्या. तुमच्या व्हॅनचं झाल्यावर लोकं बोलतात. बुढ्यानं कॉम्प्युटरच्या नादी लागून इंजिन खाल्लं म्हनतात." मग तो माझ्याकडं वळला, गोड हसून. "आता तुमीच सांगा. गाडी तुमची. सेटिंग चुकली का पेट्रोल खराब होतं?"

त्यानं मला हवं ते ताटात वाढून दिलं होतं. मला ऐकायला हवी होती तीच माणसं समोर होती, आणि पुली अजून त्याच पिशवीत, रस्त्यापलीकडं उभ्या दुरुस्त व्हॅनमध्ये होती. मला फक्त उठायचं होतं. रिंग सरकली, यात कोणाचीही फसगत होईल, असं सौम्यपणे सांगता आलं असतं. पण नितीन धंद्यातला माणूस. त्याचा पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता: मंग पेचकस टाकून पिस्टनचा टॉप कावून नाही पायला? त्याला उत्तर नाही, युनूसभाई. तुमच्याकडंही नसतं. आणि त्या प्रश्नानंतर बोर्डाला कोणी विचारलं नसतं.

"पेट्रोल," मी म्हणाले. "रॉकेल होतं त्याच्यात. म्याच टाकलं, गोदामात, डब्यातून. गजाननले माहीत नव्हतं. सेटिंग बरोबर होती. दहा म्हनजे दहा. म्या सोता लाइटीत पायली."

मग पंक्चरवाला म्हणाला, "आखरीले कबूल केलं बाईनं."

"हो, केलं. आता बोर्डाचं बोल, नितीन."

त्यानंतर मी जो भाव ताणला, तसा माझ्या झेंडूला कधी मिळाला नाही. नितीन घामाघूम झाला. मेहुणे दोनदा हात जोडायला निघाले, दोनदा मी डोळे वटारले.

आत गेले तेव्हा भाभींनी सारं ऐकलं होतं. त्यांना वाईट वाटलं होतं माझ्यासाठी. म्हणजे त्यांनाही रॉकेलचं खरंच वाटलं. मी विचारलं, "भाभी, घरी कधी काही बोलले का, माझ्या गाडीबद्दल? शेवटी शेवटी?" त्या म्हणाल्या, "गाडी की बात वो घर में लाते ही नहीं थे." मी आणखी खोदून विचारलं नाही. तुम्हाला कधी शंका आली का, एखाद्या दुपारी, दुसऱ्या एखाद्या गाडीचा प्लग काढताना? हात वर केलात तो त्यासाठी होता का? की नुसताच? मी काच खाली केली असती तर कळलं असतं, आणि कदाचित तुम्ही पुन्हा रॉकेलच म्हणाला असता, आणि मी उतरून पुन्हा भांडले असते. तेही चाललं असतं.

माझं नाव गेलं ते गेलं. बाजारात परवा एकानं माझ्याकडून शेवंती घेताना पाकळ्या हुंगून पाहिल्या. मी त्याच्या हातातली पाटी ओढून घेतली. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, हे स्वच्छ सांगते. तुम्ही जिवंत असता तर मी तुम्हाला एक इंचही सोडलं नसतं.

पण खरी अडचण गजानननं केली. त्या दिवशी तो गॅरेजच्या दारातच उभा होता. त्यानं सारं ऐकलं. त्यानं गाडी अमरावतीबाहेर काढली. मग म्हणाला, "मालकीनबाई, टाकी मी भरतो. गोदामात डबा हाय कुठं आपल्या?"

"नाही."

"मंग लोकं मलेच हसतीन. मालकीन रॉकेल टाकते अन् या बैताडाले वास बी नाही येत म्हनतीन."

"हसू दे."

त्यानं पुढची एक बैलगाडी मागे टाकली. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं, "माह्यासाठी बोलल्या असत्या का तुमी, असं खोटं?"

"तू मर आधी, मंग पाहू," मी म्हणाले.

युनूसभाई, तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. गजानन हसला नाही. त्यानं गिअर बदलला आणि दर्यापूर येईपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.